कोशिंबिरीतला अंदाज

कोशिंबिरीत मीठ किती घालायचं, लिंबू किती पिळायचं, असं नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या माणसाने विचारलं, की मराठी घरात हमखास एकच उत्तर येतं: 'अंदाजाने घाल.' सांगणाऱ्याला काही लपवायचं नसतं, ती व्यक्ती खरोखरच अंदाजाने घालत असते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं, की हे ज्ञान आपल्यापाशी नाही आणि ते कसं मिळवायचं हे कुणी सांगणारही नाही. मग अमकीच्या 'हाताला चव आहे' असं म्हणून आपण विषय मिटवतो. हा समज मोडायला हवा. अंदाज ही जन्मजात देणगी नव्हे. त्याच्यामागे कारणं असतात, ती साध्या शब्दांत सांगता येतात आणि एकदा समजली की थोड्या सरावाने कुणालाही अंदाज येतो. हे पडताळून पाहायला स्वयंपाकघरातली सर्वांत सोयीची जागा म्हणजे कोशिंबीर, किंवा आजच्या भाषेत सॅलड आणि त्यावरचं घरगुती ड्रेसिंग.

सोयीची अशासाठी, की इथे बहुतेक चुका सुधारता येतात. पाक एकदा पुढे गेला, केक एकदा भट्टीत गेला, की फारसं काही हातात उरत नाही. कोशिंबीर मात्र प्रत्येक पायरीवर चाखता येते, आणि चाखून झाल्यावर तिच्यात बदलही करता येतो. त्यात शिजवणं जवळजवळ नसतं. असलीच तर एका पळीची फोडणी. सामान मोजकं आणि घरातलंच असतं. शिवाय कोशिंबिरीत प्रत्येक जिन्नस नेमकं एक काम करत असतो, त्यामुळे कशाने काय बदललं हे जिभेला लगेच कळतं. भाजी-आमटीत दहा मसाले एकमेकांत मिसळून शिजतात, तिथे नवशिक्याला कारण आणि परिणाम यांची जोडी लावणं कठीण जातं. म्हणून अंदाजाचं शिक्षण पानाच्या डाव्या बाजूपासून सुरू करावं.

ही कामं कोणती? कच्च्या भाजीला चार गोष्टी लागतात: खारटपणा, आंबटपणा, स्निग्धता, आणि या तिन्हींना जोडून घेणारा थोडा गोडवा किंवा तिखटपणा. फ्रेंच लोकांचं साधं व्हिनेग्रेट घ्या. त्यात तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर, मीठ, मिरपूड आणि बहुधा थोडी वाटलेली मोहरी असते. आपली खमंग काकडी घ्या. तिच्यात मीठ, लिंबू, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिमूटभर साखर आणि वरून फोडणी. दोन्हींचं रूप आणि गंध वेगळे असले, तरी मांडणी तीच आहे. तेलाचं काम आपल्याकडे कूट, खोबरं आणि फोडणी मिळून करतात. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं आणि ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश स्निग्धांश. त्यामुळे वरून वाटीभर तेल न ओतताही आपली कोशिंबीर कोरडी लागत नाही. ही चार कामं ओळखता आली, की कृती पाठ करायची गरज निम्म्याने कमी होते. घरात दाणे नसतील तर तीळ भाजून कुटता येतात, लिंबू नसेल तर दही किंवा किसलेली कैरी चालते. काम कळलं की बदली जिन्नस सुचतो.

आता प्रश्न असा, की ही प्रमाणं एकदाची लिहून का ठेवू नयेत? लिहिता येतात, पण ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण जिन्नस दर वेळी सारखे नसतात. कागदी लिंबू रसरशीत असेल तर दोन-अडीच चमचे रस देतं, सुकलेलं असेल तर जेमतेम चमचाभर. उन्हाळ्यात रात्री विरजलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं, तेच थंडीत गोडसर राहतं. कोवळी काकडी आणि बियांनी भरलेली जून काकडी यांच्या पाण्यात आणि चवीत फरक असतो, आणि एखादी देठाकडे कडूही निघते. मिठाचंही तसंच. बारीक मीठ चमच्यात दाबून बसतं, खड्याच्या मिठात मध्ये पोकळी राहते, त्यामुळे दोन्हींचा एक-एक चमचा घेतला तर वजन सारखं भरत नाही. पुस्तकात 'एक लिंबू, अर्धा चमचा मीठ' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते लिहिणाऱ्याच्या लिंबाचं आणि लिहिणाऱ्याच्या मिठाचं माप असतं. आपल्या ओट्यावरच्या लिंबाची माहिती फक्त आपल्या जिभेला मिळू शकते. अंदाज म्हणजे ही आजची, हातातली माहिती वापरणं. त्या अर्थाने तो मापापेक्षा ढिला नसून जास्त नेमका असतो.

अंदाजाची पहिली पायरी प्रमाणाची नसून वेळेची आहे, आणि ती काकडी उत्तम शिकवते. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. कापलेल्या काकडीला मीठ लागलं, की बाहेरच्या खारट थराकडे पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि पाच-दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी पाणी साचतं. त्या पाण्यात लिंबू विरळ होतं, कूट भिजून लगदा होतो, आणि मघाशी बरोबर वाटलेली चव पानात वाढेपर्यंत पांचट होते. खमंग काकडीसाठी काकडी किसत नाहीत, चोचवतात, त्याचंही कारण हेच. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून सुरीच्या धारेने तिच्यावर जवळजवळ टोचे मारत जायचे आणि मग वरचा थर पातळ कापून खाली पाडायचा. पडणारे तुकडे बारीक पण कुरकुरीत असतात. किसणीवर काकडी चेचली जाते आणि पाणी लगेच सुटतं, चोचवताना ते बरंचसं आतच राहतं. तरीही थोडं सुटतंच, म्हणून जाणत्या हातांची काकडी आधी हलकी पिळली जाते, मग खोबरं, मिरची, साखर, लिंबू, आणि कूट-मीठ अगदी वाढायच्या वेळी. यात गूढ काही नाही. पाणी कधी सुटतं हे ज्याला ठाऊक, त्याने मीठ मागे ठेवलं, एवढंच.

हेच कारण इतर भाज्यांना लावून पाहा, म्हणजे नियम पाठ न करताही उत्तर येतं. कोबी कडक असतो, त्याला पाणी सुटणं हवंच असतं. म्हणून पचडीसाठी बारीक चिरलेल्या कोबीला मीठ आधी लावून हाताने जरा चुरतात, म्हणजे तो नरम पडतो आणि लिंबू आत शिरतं. मुळ्याचा कीस मीठ लावून पिळला की उग्रपणा उतरतो, आणि ते पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात जातं. टोमॅटो-कांद्याच्या दह्यातल्या कोशिंबिरीत मीठ लवकर घातलं तर टोमॅटोही पाणी सोडतो आणि दहीही पातळ होतं, म्हणून तिथे पुन्हा मीठ शेवटी. गाजर तुलनेने कोरडं आणि गोड, त्यामुळे त्याला मिठाची घाई नाही, पण लिंबू मात्र काकडीपेक्षा जास्त सोसतं. आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या लेट्यूसच्या पानांना ड्रेसिंग लावायचं असेल तर पानं आधी फडक्यावर कोरडी करावी लागतात, कारण ओल्या पानावर तेल टिकत नाही, निथळून तळाशी जातं. पाच भाज्यांचे पाच नियम वाटतात ते मुळात एकच आहेत: पाणी कुठे आहे आणि ते मला कुठे हवं आहे?

दुसरी पायरी आंबट आणि स्निग्ध यांच्या नात्याची. नुसता आंबट रस जिभेला बोचतो. तेल किंवा कूट जिभेवर पातळ थर धरतं आणि तो बोचरेपणा कमी करतं. उलट नुसतं तेलकट खाणं जड लागतं आणि लिंबाच्या चार थेंबांनी ते हलकं वाटू लागतं. फ्रेंचांचं तीनास एक हे प्रमाण या तोलातून आलं आहे, पण ते अटळ नाही. व्हिनेगरमध्ये साधारण चार-पाच टक्के आम्ल असतं, कागदी लिंबाचा रस सहसा त्याच्या बरोबरीचा किंवा किंचित तीव्र असतो, आणि दह्याची आंबटाई त्या मानाने पुष्कळच सौम्य. त्यामुळे दह्याच्या ड्रेसिंगला तीन भाग तेल लागत नाही, चमचाभर फोडणी पुरते. कडवट पालेभाजीला स्निग्धता जास्त लागते, गोड गाजर-बीटला आंबट जास्त चालतं. तीनास एक हे सुरुवात करण्याचं ठिकाण आहे. तिथून कोणत्या दिशेला जायचं ते समोरची भाजी सांगते.

तेल आणि पाणी मात्र आपण होऊन एकत्र येत नाहीत, आणि इथे आपल्याकडची एक जुनी, आता विसरत चाललेली रीत फार कामाची आहे. ती म्हणजे फेसलेली मोहरी. मोहरीची पूड किंवा वाटलेली मोहरी थोडं पाणी घालून घोटत राहायची. ती हळूहळू हलकी, फिकट आणि फेसाळ होते आणि झणका थेट नाकात जातो. कोरड्या मोहरीला हा वास नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि तो झणझणीत पदार्थ तिथल्या तिथे तयार होतो. म्हणून फेसताना गरम पाणी वापरायचं नाही, उष्णतेने ते विकर निकामी होतं. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही, तेही याच कारणाने. मोहरीचा दुसरा गुण असा, की तिच्यातला चिकट द्रव आणि बारीक कण तेलाच्या थेंबांभोवती आवरण धरतात आणि त्यांना पुन्हा एकत्र होऊ देत नाहीत. फ्रेंच स्वयंपाकी व्हिनेग्रेटमध्ये मोहरी घालतो ती चवीसाठी तर खरीच, पण मिश्रण फुटू नये म्हणूनही. चमचाभर फेसलेली मोहरी, लिंबाचा रस, मीठ, आणि वरून तेलाची बारीक धार सोडत फेटत गेलं, तर आपल्या ओट्यावर तेच दाटसर ड्रेसिंग तयार होतं. त्यासाठी परदेशी बाटली लागत नाही.

फोडणी हा या साऱ्यातला खास आपला भाग. ड्रेसिंगचं तेल बहुतेक देशांत कच्चंच घालतात, आपण ते तापवून त्याला गंध देऊन मग घालतो. जिऱ्याचा, हिंगाचा, कढीपत्त्याचा सुवास देणारी द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात, आणि कच्च्या हिंगाचा उग्र दर्प गरम तेलात पडताच सौम्य होतो. म्हणून पळीभर तेलातली चिमूटभर हिंग साऱ्या वाडग्याला पुरते. स्निग्धतेचा उपयोग चवीपुरताच नाही. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजर यांचं सॅलड त्यांनी तीन प्रकारच्या ड्रेसिंगबरोबर खायला दिलं: बिनतेलाचं, ६ ग्रॅम तेलाचं आणि २८ ग्रॅम तेलाचं. बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर गाजर-टोमॅटोतली कॅरोटिनॉइड द्रव्यं शरीरात जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. तेल वाढलं तसं शोषणही वाढलं. प्रयोगात माणसं मोजकीच होती, तेव्हा त्यावरून वाटीभर तेल ओतण्याचा सल्ला कुणी काढू नये. पण गाजराच्या किसावर फोडणी घालणाऱ्यांची रीत अंधपणे चालत आलेली नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मीठ, साखर आणि मिरची यांचं काम तोल सांधण्याचं. मीठ पदार्थाला नुसतं खारट करत नाही, ते कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे मागे लपलेला गोडवा पुढे येतो. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हे दाखवून दिलं. मेथीच्या किंवा मुळ्याच्या पाल्याच्या घोळाण्याला मीठ नीट लागलं की कडूपणा का निवळतो, याचं उत्तर तिथे आहे. साखर आंबटपणाची धार बोथट करते, आणि तेवढ्यासाठीच ती असते. गोडी जाणवू लागली तर साखर जास्त झाली असं समजावं. मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून मिरचीचे तुकडे मिठाबरोबर चुरडून मग कूट किंवा दह्यात मिसळले की तिखटपणा सगळीकडे सारखा पसरतो, एखाद्याच्याच घासाला येत नाही.

आता प्रत्यक्ष चाखण्याची रीत. सर्वांत मोठी चूक म्हणजे नुसतं ड्रेसिंग चमच्याने चाटून पाहणं. नुसतं ड्रेसिंग नेहमी जास्त खारट, जास्त आंबट लागायलाच हवं, कारण त्याला बेचव, पाणीदार भाजीचा मोठा ढीग सांभाळायचा असतो. म्हणून भाजीचा एक तुकडा त्यात बुडवून खावा. मग स्वतःला क्रमाने विचारावं. अळणी लागतं का? मग आधी मीठ, कारण मीठ कमी असेल तर बाकी कशाचाही नीट अंदाज येत नाही. मीठ पुरेसं असूनही चव सपाट, जड वाटते का? मग लिंबू. आंबटढाण झालं? मग थोडं कूट किंवा तेल, तरीही बोचत असेल तर चिमूट साखर. सगळं ठीक असूनही काही कमी वाटतं? मग ते बहुधा गंधाचं असतं: कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, फोडणी. एका वेळी एकच गोष्ट घालावी, नीट ढवळावं, आणि पुन्हा चाखण्याआधी घोटभर पाणी प्यावं, कारण तीच चव सतत घेत राहिल्यास जीभ तिला सरावते आणि मीठ कमी वाटू लागतं. फ्रीजमधलं थंडगार दही तसंच चाखू नये, थंडीने चव मंदावते. आणि खारट झालंच, तर पाणी ओतू नये, भाजी, दही किंवा कूट वाढवावं. असं चार-पाच वेळा केलं की चव 'मिळून आली' म्हणजे नेमकं काय झालं, हे जिभेला कायमचं समजतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग पाककृतींच्या पुस्तकांना अर्थ काय? त्यांना फार मोठा अर्थ आहे. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात सपाट चमचा आणि सपाट कप यांचा आग्रह धरला. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप देऊन, माहेर-सासरपासून दूर संसार थाटलेल्या असंख्य मराठी तरुण जोडप्यांना आधार दिला. 'अंदाजाने घाल' या उत्तराने ज्यांना वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांच्या हाती या पुस्तकांनी काहीतरी ठोस दिलं. तेव्हा माप आणि अंदाज यांचं वैर नाही. मापाने सुरुवात करावी, अर्धं माप घालून चाखावं आणि उरलेलं अर्धं जिभेच्या सांगण्यावरून घालावं किंवा घालू नये. दोन-तीन वेळा हे केल्यावर पुस्तक मिटवून ठेवता येतं. आणि जे पुस्तक 'चवीपुरतं मीठ' एवढं लिहून थांबतं, त्याने ती चव कशी ओळखायची हेही सांगायला हवं, ही अपेक्षा वाचकांनी जरूर धरावी.

दुसरा आक्षेप आवडीनिवडीचा. चव ज्याची त्याची, मग तोल कुणाच्या जिभेने ठरवायचा? विदर्भातल्या जिभेला जे सपक वाटेल ते कोकणात तिखट ठरू शकतं, हे खरंच आहे. पण मतभेद असतो तो तोल कुठे असावा याबद्दल, तोल कशाने बदलतो याबद्दल नव्हे. मिठाने कडूपणा सगळ्यांच्याच तोंडात दबतो, तेलाने आंबटाई सगळ्यांनाच सौम्य वाटते. उलट आवडी वेगळ्या आहेत म्हणूनच ठरीव मापापेक्षा अंदाज उपयोगी. एकाच भांड्यातून थोडी कोशिंबीर बाजूला काढून लहान मुलासाठी बिनमिरचीची, आजीसाठी मऊ किसाची आणि स्वतःसाठी झणझणीत करता येते. उपवासाच्या दिवशी मोहरी-हिंग बाजूला ठेवून तूप-जिऱ्याची फोडणी देणाऱ्या घरांना ही लवचिकता नवी नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मान्यच करायला हवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं सांगते, म्हणजे साधारण सपाट चमचाभर, आणि तेही दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, चटणी आणि खारट फरसाण यांना सरावलेली जीभ मिठाच्या बाबतीत विश्वासाची साक्षीदार नाही. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मीठ चमच्यानेच मोजावं, साखरेचं पथ्य असणाऱ्यांनी साखर वगळावी. पण इथेही अंदाज निरुपयोगी ठरत नाही. मिठाची मर्यादा डॉक्टरांनी ठरवून दिली, की उरलेली चव कशी भरून काढायची हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर आंबट, गंध आणि तिखट यांत आहे. लिंबू वाढवलं, जिरं भाजून घातलं, मिरची ठेचली, तर कमी मिठातही कोशिंबीर अळणी वाटत नाही. शिवाय सरावलेली जीभ उलट दिशेनेही सरावते. काही आठवडे मीठ हळूहळू कमी केलं की तेवढंच पुरेसं वाटू लागतं.

चौथा आक्षेप वेळेचा. दुकानात तयार बाटल्या मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? बाटली वाईट असते असं नाही, पण विकत घेण्याआधी तिचं वेष्टन वाचावं. आपल्याकडे पाकीटबंद पदार्थांचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा यादीत तेल, पाणी आणि साखर कितव्या जागी आहेत ते पाहिलं की पुष्कळ कळतं. आयएनएस ४१५ असं दिसलं तर तो झँथन गम, मिश्रण फुटू नये म्हणून घातलेला. आपली फेसलेली मोहरी हेच काम करते. बाटलीला महिनोन्महिने टिकायचं असतं आणि हजारो घरांत सारखंच लागायचं असतं. घरच्या ड्रेसिंगला फक्त आजच्या काकडीला साजेसं व्हायचं असतं. लिंबू पिळून, मीठ-साखर विरघळवून, तेल फेटून घालायला दोन-तीन मिनिटं पुरतात. झाकणाच्या छोट्या बरणीत सगळं घालून हलवलं तरी चालतं.

अंदाजाची सीमाही स्पष्ट सांगितली पाहिजे. तो चवीचा कारभारी आहे, सुरक्षिततेचा नाही. कच्च्या अंड्याचं मेयॉनीज चवीला कितीही उत्तम लागलं, तरी त्यात साल्मोनेला जंतू आहेत की नाहीत हे जीभ सांगू शकत नाही. विषबाधेच्या घटनांनंतर केरळ, तेलंगण आणि तमिळनाडू या राज्यांनी २०२३ ते २०२५ या काळात कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर बंदी घातली, ती यामुळेच. तसंच, सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर दिवसेंदिवस ठेवू नये. हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझमचे घातक जंतू वाढू शकतात आणि वासाने किंवा चवीने ते ओळखता येत नाहीत. लसणीचं ड्रेसिंग ताजं करावं, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावं. कच्च्या भाज्या आणि हात स्वच्छ धुवावेत. या बाबतीत नियम पाळायचे, अंदाज चालवायचा नाही.

शेवटी एक मुद्दा स्वयंपाकघराबाहेरचा. 'हाताला चव आहे' हे वाक्य कौतुकाचं असलं, तरी त्याने दोन नुकसानं होतात. ज्या बाईने वर्षानुवर्षं पाहून, चाखून, चुकून आणि सुधारून हे ज्ञान कमावलं, तिचं ज्ञान त्या वाक्याने नुसतं नशीब ठरतं. आणि ज्याला स्वयंपाक शिकायचा नाही, त्याला 'मला जमत नाही, माझ्या हाताला चव नाही' असं म्हणून बाजूला होता येतं. काकडीचं पाणी पिळून मीठ शेवटी घालण्यासाठी कोणताही खास हात लागत नाही. घरातल्या मुलाला, मुलीला आणि बाप्यालाही ते सारखंच जमतं. म्हणून यापुढे कुणी विचारलं तर 'अंदाजाने घाल' एवढ्यावर थांबू नका. त्याच्या हाती चमचा द्या, काकडीचा तुकडा द्या, आधी मीठ घालण्यापूर्वी आणि मग घातल्यावर चाखायला लावा, आणि काय बदललं ते त्यालाच सांगू द्या. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आजच्याच जेवणात एक वाटी कोशिंबीर पुस्तक न उघडता करून पाहावी.